पब्लिशरकडून गेम परत घेताना: आमच्या स्टुडिओच्या नोंदी

पुण्यात आमचा छोटा स्टुडिओ आहे. कोडी सोडवत पुढे जाण्याचा आमचा गेम २०२१ मध्ये आला. स्टीम (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान), अँड्रॉइड, आयफोन आणि निन्टेन्डो स्विच हा गेम कन्सोल या चारही ठिकाणी तो एका परदेशी पब्लिशरच्या, म्हणजे पैसे लावून गेम विकणाऱ्या कंपनीच्या, खात्यावरून विकला जात होता. पब्लिशरचं नाव इथे देत नाही, तशी अटच आहे. ‘हक्क परत मिळाले’ हे कागदावर येणं आणि गेम खरोखर आपल्या हाती येणं, यांच्या मधलं काम कुणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून या नोंदी.

६ जानेवारी २०२५

वेगळं व्हायचं हे आज नक्की झालं. निमित्त अँड्रॉइडचं. जुन्या ॲपनाही ठरावीक नव्या अँड्रॉइडसाठी बांधलेलं बिल्ड, म्हणजे ॲपची तयार फाइल, द्यावं लागेल, असा गूगल प्लेचा नियम होता. ३१ ऑगस्ट २०२४ ही मुदत होती, वाढवून मागितली तर १ नोव्हेंबर. नाही दिलं तर नव्या फोनवर नव्या लोकांना गेम दिसेनासा होतो. आम्ही बिल्ड जुलैतच दिलं होतं. ते चढवायचा अधिकार फक्त पब्लिशरकडे, आणि आमचा गेम सांभाळणारा त्यांचा प्रोड्यूसर तेव्हाच नोकरी सोडून गेला. बिल्ड पडून राहिलं, नोव्हेंबरपासून गेम नव्या फोनवरून गायब. तिमाही रॉयल्टी स्टेटमेंटही उशिरा येतात.

त्यांनी वाईट वागणूक दिली असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये आमच्यावर पैसे लावणारं दुसरं कुणी नव्हतं. पण आता त्यांच्याकडे आमच्या गेमसाठी माणूसच नाही, आणि ज्या गेमला माणूस नाही तो हळूहळू मरतो.

१३ जानेवारी

वकीलबाईंकडे करार घेऊन बसले. बौद्धिक संपदेचं काम करणाऱ्या आहेत. त्यांची फी सगळी मिळून १,६०,००० रुपये झाली. ती आधी ठरवून घेतली होती, हे बरं झालं.

माझी आशा भारताच्या कॉपीराइट कायद्यावर होती. १९५७ च्या या कायद्याच्या कलम १९ नुसार, हक्क घेणाऱ्याने ते वर्षभर वापरले नाहीत तर, करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास, ते हक्क परत येतात. बाईंनी दोन वाक्यांत विषय मिटवला. एक, करार इंग्लंडच्या कायद्याखाली आहे आणि वाद झाला तर लवाद लंडनमध्ये. दोन, गेम विक्रीला आहे, म्हणजे हक्क वापरात आहेत. नीट वापरलेत की नाही हे ते कलम विचारत नाही.

उरला करारभंगाचा मार्ग. उशिरा आलेली स्टेटमेंट्स हा भंग, त्यावर नोटीस देता येते, पण सुधारायला त्यांना ३० दिवस मिळतात. ते स्टेटमेंट पाठवतील आणि विषय संपेल. बाईंचा सल्ला: नोटीस द्या, पण भांडायला नको, बोलणी सुरू करायला द्या. ध्येय एकच ठेवा, दोघांच्या संमतीने करार संपवणं. लंडनच्या लवादाचा खर्च आपल्या गेमच्या आयुष्यभराच्या कमाईहून जास्त होईल.

२१ जानेवारी

बोलणी सुरू होण्याआधी एक यादी केली. पुढच्या सगळ्या महिन्यांत सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. गेमला चिकटलेली प्रत्येक वस्तू लिहायची, ती आज कुणाच्या नावावर आहे आणि कुणाच्या लॉगिनखाली आहे.

सोर्स कोड आमचा, आमच्याकडे. गेमचं नाव ट्रेडमार्क म्हणून कुणीच नोंदवलेलं नाही. स्टीमचं पान, प्लेचं पान, ॲप स्टोअरचं पान त्यांचं. साउंडट्रॅक स्टीमवर वेगळ्या ॲप आयडीखाली (स्टीमचा ओळख क्रमांक) विकला जातो, तोही त्यांचा. वेबसाइटचं डोमेन त्यांचं. डिस्कॉर्डवर खेळाडूंच्या गप्पांचा आमचा जो गट आहे, त्याचा मालक म्हणून नाव नोकरी सोडून गेलेल्या त्या प्रोड्यूसरचं. फायरबेस या गूगलच्या ॲपसाठीच्या सेवेतला प्रोजेक्ट त्यांचा. जपानी, जर्मन आणि चिनी भाषांतरांचे पैसे त्यांनी दिलेले. स्विचचं पोर्ट, म्हणजे स्विचवर चालणारी आवृत्ती, त्यांनी दुसऱ्या एका कंपनीकडून करून घेतलेलं, त्याचा कोड आम्ही पाहिलेलाही नाही. आणि फोनवर खेळून पुढे कॉम्प्युटरवर तिथूनच सुरू करता यावं म्हणून केलेला क्लाउड सेव्ह त्यांच्या सर्व्हरवर.

शेवटच्या ओळीवर सगळे थांबलो. खेळणाऱ्यांची चार वर्षांची प्रगती आमच्याकडे नाहीच.

४ फेब्रुवारी

पहिली व्हिडिओ बैठक. समोर त्यांच्या व्यवसाय विभागातले एक गृहस्थ, सभ्य आणि मोकळे. त्यांनाही गेम सांभाळायचा कंटाळा आलेला दिसला. त्यांची अडचण एवढीच की ॲडव्हान्स अजून पूर्ण रिकूप झालेला नाही. आम्हाला दिलेले पैसे आमच्या वाट्यातून त्यांनी अजून पूर्ण वसूल केलेले नाहीत.

बैठकीआधी मोठ्या स्टुडिओंच्या फारकती वाचून काढल्या होत्या. २०१७ मध्ये डेन्मार्कचा आयओ इंटरॅक्टिव्ह हा स्टुडिओ स्क्वेअर एनिक्सपासून स्वतंत्र झाला, तेव्हा हिटमॅन या गेमचे हक्क स्टुडिओकडेच राहिले. जानेवारी २०१९ मध्ये बंजी हा स्टुडिओ आणि त्याचा पब्लिशर ॲक्टिव्हिजन वेगळे झाले आणि डेस्टिनी हा गेम बंजीकडे गेला. पण माझं लक्ष त्यानंतरच्या नऊ महिन्यांवर होतं. डेस्टिनी २ कॉम्प्युटरवर बॅटल डॉट नेटवरून चालायचा, ते ॲक्टिव्हिजनच्या घरचं दुकान. तिथून सगळे खेळाडू १ ऑक्टोबर २०१९ ला स्टीमवर आले, आणि त्याआधी काही आठवडे लोकांना आपली खाती जोडून ठेवायला सांगितलं होतं. जुनं चालू असताना नव्याशी जोडून घ्यायचं, ही पद्धत मी तिथून उचलली.

उलटं उदाहरण युक्रेनच्या फ्रॉगवेअर्स या स्टुडिओचं. त्यांचा द सिंकिंग सिटी हा गेम जून २०१९ मध्ये आला. २०२० मध्ये पब्लिशर नॅकॉनशी वाद जाहीर झाला आणि गेम अनेक दुकानांतून उतरला. २०२१ मध्ये स्टीमवर जी आवृत्ती दिसली ती आमची नाही, असं स्टुडिओलाच सांगावं लागलं. जानेवारी २०२४ मध्ये प्रकाशनाचे सगळे हक्क स्टुडिओकडे आले. इतक्या वर्षांत कोण बरोबर होतं हा वकिलांचा प्रश्न. मला त्यात दिसला तो पैसे देऊन गेम घेतलेला माणूस, ज्याला कोणतं पान खरं हे कळत नव्हतं.

म्हणून बैठकीत पैशांच्या आधी मी सर्व्हरचा विषय काढला. करार संपल्यावर तुमचा सेव्ह सर्व्हर किती दिवस चालू ठेवाल? त्यांनी तो मुद्दा टिपून घेतला. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा.

१९ फेब्रुवारी

बोलणी चालू आहेत तोवर आपली खाती उघडायला घेतली. खातं नसेल तर गेम द्यायचा कुणाला?

गूगल प्लेवर वैयक्तिक खातं उघडू नका. १३ नोव्हेंबर २०२३ नंतरच्या वैयक्तिक खात्यांना गेम बाजारात आणण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. संस्थेच्या खात्याला ही अट नाही, पण डी-यू-एन-एस क्रमांक, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, लागतो. ॲपललाही संस्थेसाठी तोच लागतो. क्रमांक फुकट मिळतो, वेळ मात्र खातो. कंपनी नोंदणीत आमचा जुना कोथरूडचा पत्ता आणि जीएसटीत नवा, म्हणून अर्ज परत आला. आधी कंपनी खात्याकडे पत्ता बदलून घेतला, मग पुन्हा अर्ज. यात जवळजवळ महिना जातोय. हे काम पहिल्या आठवड्यातच हाती घ्यायला हवं.

खर्च: गूगल २५ डॉलर एकदाच, ॲपल ९९ डॉलर दर वर्षी, स्टीम १०० डॉलर.

ॲपलच्या खात्यात एक गोष्ट अंगावर आली. युरोपात विकायचं तर तिथल्या डिजिटल सेवा कायद्याखाली व्यापारी म्हणून आपला पत्ता, फोन आणि ईमेल द्यावा लागतो आणि तो गेमच्या पानावर सगळ्यांना दिसतो. ज्यांनी ही माहिती भरली नव्हती त्यांची ॲप १७ फेब्रुवारीपासून युरोपच्या स्टोअरवरून काढली जाताहेत. आमचं ऑफिस माझ्या राहत्या घरात आहे. घरचा पत्ता जगाला दाखवायचा नव्हता, म्हणून एका को-वर्किंग जागेचा पत्ता आणि वेगळा फोन क्रमांक घेतला. वर्षाचे १२,००० रुपये.

६ मार्च

करार संपवण्याच्या करारावर सह्या झाल्या. आमच्या प्रतीवर वकीलबाईंनी ५०० चा स्टॅम्प लावून घेतला. गेल्या ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात १०० चा चालत नाही.

पैशांचं असं ठरलं: उरलेल्या ॲडव्हान्सपोटी रोख काही नाही. हस्तांतरानंतरच्या निव्वळ कमाईतला एक हिस्सा त्यांना, वरची मर्यादा ठरलेली आणि मुदतही ठरलेली. यातली मर्यादा महत्त्वाची. ती नसेल तर ‘वेगळे झालो’ म्हणायचं आणि जन्मभर हिस्सा देत राहायचं.

पण पैशांच्या कलमापेक्षा मी जास्त वेळ घालवला तो या कलमांवर, आणि ती कराराच्या साच्यात नसतात, मागून घ्यावी लागतात:

सेव्ह सर्व्हर ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत चालू ठेवायचा.

अँड्रॉइडचं पॅकेज नाव आणि आयफोनचा बंडल आयडी यांत त्यांच्या कंपनीचं नाव आहे. एकदा प्रसिद्ध झाल्यावर हे बदलता येत नाही. बदललं तर दुकानाच्या लेखी तो नवा गेम, जुने खेळाडू आणि परीक्षणं तिकडेच राहतात. म्हणून ‘या ओळखनावात आमचं नाव कायम राहील, त्यावर आमचा आक्षेप नाही’ असं लेखी घेतलं. त्यांच्या वकिलांना हे समजावण्यात आठवडा गेला.

भाषांतरं वापरायचा कायमचा परवाना. बदल्यात श्रेयनामावलीतली त्यांची नावं तशीच ठेवायची. ती मी तशीही ठेवणारच होते. त्यांच्या चाचणी विभागातल्या ज्या मुलामुलींनी रात्री जागून आमच्या चुका शोधल्या, त्यांची नावं कंपन्यांच्या फारकतीत पुसली जाऊ नयेत.

आजवर वाटलेल्या स्टीम कींची, म्हणजे स्टीमवर गेम मिळवून देणाऱ्या कोडची, गठ्ठ्यांनुसार यादी.

स्विचचं पोर्ट मिळालं नाही. तो कोड तिसऱ्याच कंपनीचा, विकत घ्यायची किंमत आमच्या आवाक्याबाहेर. स्विचवर नवी विक्री वर्षअखेरीस थांबेल. ज्यांनी घेतलाय त्यांना तो पुन्हा डाउनलोड करता येईल, एवढं लिहून घेतलं.

१९ मार्च

आजचं काम गेममधून पब्लिशरच्या खुणा काढणं. सुरुवातीचा लोगो, त्यांच्या खात्यात लॉगिन करा म्हणणारा पडदा, त्यांचं आकडेवारी गोळा करणारं एसडीके (गेममध्ये जोडलेला तयार कोड). साफसफाई झाली, बिल्ड झालं, आमच्या आर्टिस्टने तिच्या मशीनवर लावलं आणि हाक मारली, “ताई, माझा सेव्ह दिसत नाहीये. थेट पहिल्या पडद्यावर आले.”

तिने हा गेम निदान दहा वेळा संपवलाय. तिच्या फोल्डरमध्ये जाऊन पाहिलं तर सेव्ह फाइल जागेवर, धक्काही न लागलेली. गेम भलतीकडे शोधत होता.

कारण असं. आमचा गेम युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलाय. विंडोजवर युनिटी सेव्ह ठेवते ती ॲपडेटाच्या लोकललो फोल्डरात, तिथे कंपनीच्या नावाचं फोल्डर, त्यात गेमच्या नावाचं. ही नावं प्रोजेक्ट सेटिंग्जमधून येतात. तिथे ‘कंपनी नेम’ म्हणून पब्लिशरचं नाव होतं. साफसफाईत ते बदलून आमचं केलं गेलं. एका शब्दाने जगभरातल्या खेळाडूंचे सेव्ह हरवले असते. आवाज, भाषा वगैरे पसंती प्लेअरप्रेफ्समध्ये होत्या, त्या विंडोजच्या रजिस्ट्रीत याच दोन नावांखाली असतात. त्याही गेल्या होत्या.

दोन उपाय होते. कंपनीचं नाव जुनंच ठेवायचं, किंवा नवं नाव ठेवून पहिल्यांदा सुरू होताना जुन्या जागेवरून फाइल उचलायची. दुसरा जास्त स्वच्छ वाटतो, पण स्टीम क्लाउडची (स्टीमच्या सर्व्हरवर सेव्हची प्रत ठेवायची सोय) मांडणीही जुन्या फोल्डरवर बेतलेली आहे. ती बदलली की एका मशीनवर नवी आवृत्ती आणि दुसऱ्यावर जुनी असलेल्या माणसाचं काय होईल, याची खात्री देता येईना. जुनंच नाव ठेवलं. खेळाडूच्या सेव्हपेक्षा आमचं नाव मोठं नाही. ते फोल्डर कुणी उघडून बघत नाही.

तुमच्या गेमची आज सुरुवात होत असेल आणि पब्लिशर ‘कंपनी नेम’मध्ये स्वतःचं नाव टाकायला सांगत असेल, तर नको म्हणा. पॅकेज नावातही नको म्हणा.

२६ मार्च

जपानी अक्षरं. भाषांतराचा परवाना मिळाला, पण ती अक्षरं ज्या फाँटमध्ये दिसतात त्या फाँटचा परवाना पब्लिशरच्या नावावर निघाला. यादीत ही ओळ नव्हती. मुक्त परवान्याचा नोटो सान्स बसवला. तो जरा रुंद पडतो, कोड्यांच्या चिठ्ठ्यांमध्ये शेवटची अक्षरं चौकटीबाहेर गेली. आर्टिस्टने प्रत्येक चिठ्ठी हाताने पुन्हा मांडली. संगीतकाराचा करार मात्र आमच्याशीच होता, पण त्यात ‘पब्लिशरमार्फत विक्री’ असे शब्द होते. नवं पत्र करून घेतलं आणि ४०,००० रुपये दिले. त्याने मागितले नव्हते. गेमचं दुसरं आयुष्य सुरू होत असेल तर त्यात त्याचा वाटा हवा.

९ एप्रिल

पुलाचा पॅच, म्हणजे जुन्यातून नव्यात नेणारा छोटा अपडेट. आम्ही त्याला हेच नाव दिलंय. पब्लिशरने सर्व्हरवरचा खेळाडूंचा डेटा थेट द्यायला नकार दिला. युरोपच्या गोपनीयता कायद्यापुढे त्यांना ते शक्य नव्हतं आणि मला ते पटलं. म्हणून वाट अशी काढली: त्यांच्याच खात्यावरून, हस्तांतराआधी, एक पॅच जाईल. तो गेम उघडताच त्यांच्या सर्व्हरवरचा सेव्ह खाली उतरवेल, मशीनवर लिहील, आणि कॉम्प्युटरवर असेल तर स्टीम क्लाउडमध्ये जाईल. डेटा खेळाडूकडून खेळाडूकडेच जातो, आमच्या हाती काहीच लागत नाही.

पहिल्या चाचणीत घोळ झाला. फोनवरचा सेव्ह ताजा आणि सर्व्हरवरचा जुना असेल तर पॅचने जुना वर लिहिला. वेळेचा शिक्का बघून ठरवत होतो. फोनचं घड्याळ चुकीचं असेल तर तो शिक्का खोटा. आता सोडवलेल्या कोड्यांची संख्या बघतो, आणि तरी शंका असेल तर दोन्ही सेव्ह ठेवून खेळाडूलाच विचारतो. जुनी फाइल कधीच पुसत नाही.

आयफोनवर वेगळी अडचण. सेव्ह फाइल कुलूपबंद असते आणि तिची किल्ली आम्ही ॲपलच्या कीचेनमध्ये, म्हणजे गुप्त किल्ल्या ठेवायच्या जागेत, ठेवत होतो. कीचेन खातेदाराच्या टीमला बांधलेलं असतं. ॲप दुसऱ्या टीमकडे गेलं आणि नव्या टीमने पहिला अपडेट दिला की जुन्या किल्लीपर्यंत पोचता येत नाही. म्हणजे फाइल आहे, उघडता येत नाही. पुलाच्या पॅचमध्येच फाइल उघडून, नव्या पद्धतीने पुन्हा लिहून ठेवावी लागली. हे हस्तांतरानंतर कळलं असतं तर इलाज नव्हता.

हा पॅच पब्लिशरने त्याच आठवड्यात चढवला. आभार.

२४ एप्रिल

गूगल प्लेचं हस्तांतर. आधी त्यांच्याकडून जुने कमाईचे अहवाल उतरवून घेतले, कारण ते ॲपसोबत येत नाहीत. मग अर्ज. त्यात दोन्ही खात्यांनी नोंदणीचे २५ डॉलर भरल्याचा व्यवहार क्रमांक लागतो. आमचा ताजा होता. त्यांनी खातं बऱ्याच वर्षांपूर्वी उघडलेलं, पावती कुठल्या तरी जुन्या ईमेलमध्ये. ती शोधण्यात दिवस गेले.

ॲप आलं. खेळाडू, परीक्षणं, डाउनलोडचा आकडा सगळं सोबत. नवं बिल्ड चढवायला गेलो तर नाकारलं. खेळाडूपर्यंत पोचणाऱ्या ॲपची सही करणारी किल्ली गूगलकडे असते, ती ॲपसोबत आली. पण चढवताना लागणारी अपलोड किल्ली पब्लिशरच्या बिल्ड मशीनवर. ती मागण्यापेक्षा गूगलच्या प्ले कन्सोलमधून नवी मागून घ्यावी, तशी सोय आहे. मात्र ती लगेच चालू होत नाही, थांबावं लागतं. पहिल्या १० लाख डॉलरच्या कमाईवर १५ टक्के कपात हा दरही आपोआप लागत नाही, खात्यात वेगळी नोंद करावी लागते.

संध्याकाळी नव्या अँड्रॉइडच्या फोनवर गेम शोधला. दिसला. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. ऑफिसात सगळ्यांनी आपापल्या फोनवर शोधून पाहिला.

८ मे

स्टीम. याची भीती सर्वांत जास्त होती आणि हेच सर्वांत सोपं गेलं. त्यांनी पाठवायचं, आपण स्वीकारायचं. ॲप आयडी तोच राहतो, म्हणून विकत घेतलेल्यांचा गेम, परीक्षणं, विशलिस्ट, अचीव्हमेंट्स, सगळं जागच्या जागी. मात्र बँक, कर आणि ओळखीची कागदपत्रं आधी पूर्ण झालेली हवीत. तारीख मुद्दाम मार्चचा स्प्रिंग सेल आणि २६ जूनचा समर सेल यांच्या मध्ये धरली. चालू सवलतीत हात घालायचा नव्हता.

साउंडट्रॅकचा वेगळा आयडी यादीत होता म्हणून तोही सोबत आला. त्यांच्या इतर गेमसोबत एकत्र विकलं जाणारं बंडल आधी मोडून घेतलं. त्यांच्या पब्लिशर पानाचे फॉलोअर त्यांच्याकडेच राहिले, ते बरोबरच आहे. पानावरचं ‘पब्लिशर’ हे नाव आपोआप बदलत नाही, ते आपण भरायचं. आणि बिल्ड चढवणाऱ्या स्क्रिप्टमधलं लॉगिन बदलायचं.

करांच्या फॉर्ममध्ये पॅन क्रमांक नीट भरा. भारत आणि अमेरिकेतल्या करारानुसार रॉयल्टीवर १५ टक्के कर कापला जातो; करार लागू नाही असं धरलं गेलं तर ३० टक्के. हा कर अमेरिकेतल्या विक्रीवरच असतो. इथे त्याची वजावट घ्यायला वेगळा फॉर्म भरावा लागतो; २०२५ मध्ये तो फॉर्म ६७ होता. आमच्या सीएंना हे माहीत होतं. तुमच्या सीएंना विचारून घ्या.

२९ मे

ॲपल. पाठवल्यापासून स्वीकारायला ६० दिवस असतात. आम्ही त्याच दिवशी स्वीकारलं. नव्या टीमचा पहिला अपडेट दिला आणि सेव्ह उघडले. कीचेनचं काम वाया गेलं नाही.

२४ जून

समर सेल दोन दिवसांवर. डिस्कॉर्डचा प्रश्न अजून सुटत नव्हता. मालक म्हणून जे खातं, ती व्यक्ती आता त्या कंपनीत नाही. शेवटी मीच त्याला साधा निरोप पाठवला, काय झालं ते सांगितलं. त्याने उत्तर दिलं, मालकी आमच्याकडे दिली, आणि त्याला आवडलेल्या कोड्याबद्दल चार ओळी लिहिल्या. चार वर्षं या माणसाने आमच्यासाठी धडपड केली होती. श्रेयनामावलीत त्याचं नाव आता निर्मात्यांत घेतलंय.

कींच्या यादीत काही गठ्ठे असे निघाले की ते कुणाला दिले याची नोंदच नाही. रद्द करता येतात. केले नाहीत. त्यातली एखादी की कुणी पैसे देऊन घेतली असेल तर शिक्षा त्याला होईल.

३१ जुलै

स्टीमचं पहिलं पेमेंट थेट आमच्या खात्यात आलं. बँकेने पर्पज कोड (पैसे कशाचे आले ते सांगणारा कोड) विचारला, इन्व्हॉइस दिलं, परदेशी रकमेचं प्रमाणपत्र मागून ठेवलं. निर्यातीवर जीएसटी भरावा लागू नये म्हणून एलयूटी, म्हणजे तसं हमीपत्र, एप्रिलमध्येच भरलेलं होतं. सगळा खर्च धरून अंदाजे पावणेतीन लाख रुपये गेले. पब्लिशरचा हिस्सा वेगळा.

गेमचं नाव ट्रेडमार्क म्हणून वर्ग ९ आणि ४१ मध्ये दाखल केलं. लघुउद्योगाला ऑनलाइन प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये. महाराष्ट्रासाठीचं कार्यालय मुंबईत, अँटॉप हिलला, पण अर्जासाठी जावं लागत नाही.

राहिलेलं काम सेव्हचं. पुलाचा पॅच घेऊनही अनेकांनी अजून गेम उघडलेला नाही, आणि सर्व्हर ३० सप्टेंबरला बंद होणार. स्टीमच्या पानावर, डिस्कॉर्डवर आणि गेमच्या पहिल्या पडद्यावर सूचना लावली आहे. उद्या वेबसाइटच्या जुन्या मेलिंग यादीचं बघायचं; ती यादी पब्लिशरची, म्हणून आमचा मजकूर त्यांनीच पाठवावा अशी विनंती केली आहे. तुमच्याकडे हा गेम असेल तर फोनवर आणि कॉम्प्युटरवर एकदा इंटरनेट चालू ठेवून उघडा. कोपऱ्यात हिरवी खूण आली की झालं.